शिडी कोण धरतंय?

एकोणीस वर्षं मी तेच गणित घालते.
शिडी दहा मीटर. पाया भिंतीपासून सहावर.
टोक किती उंचीवर टेकेल?
शंभरातून छत्तीस गेले, उरले चौसष्ट,
वर्गमूळ आठ.
खडूची भुकटी हातावरून झटकेपर्यंत उत्तर येतं,
आणि खिडकीबाहेर चिलोएचा समुद्र
होड्या चिखलात टाकून मागे सरकलेला असतो.

या वर्षी नायादेत वेंतेओनं
उत्तर बरोबर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या,
आणि समासात, बारीक अक्षरात:
बाई, शिडी कोण धरतंय?

मी लाल पेन उघडलं.
अर्धा गुण कापायचा की वाढवायचा
ते ठरेना, म्हणून वही माझ्याच पिशवीत राहिली,
पाव आणि छत्रीच्या मधे.

तिचा बाप चर्चच्या मनोऱ्यावरची लाकडी फळकुटं बदलायचा.
ऑगस्टात घसरला.
आता जाळी विणतो, बसून,
आणि टेकडीवरचं घर त्याला चढवत नाही
म्हणून एप्रिलच्या पहिल्या शनिवारी
गावानं ते घरच खाली आणायचं ठरवलं.
आमच्याकडे याला मिंगा म्हणतात:
ज्याचं घर हलतं त्यानं जेवू घालायचं,
बाकीच्यांनी हात लावायचा.

आठ जोड्या बैल. ओंडके. चिखल.
घर उतारावरून आलं ते पडदे हलवत,
खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीसकट.
खाली टेकलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
आणि दार लागेना.

एलेउतेरियो खुर्चीतूनच ओरडला, कर्ण मोजा!
घर सहा बाय आठ.
माझ्याच फळ्यावरचे आकडे,
आत चूल पेटवलेले.
नायादेत फीत घेऊन जमिनीवर रांगली,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत.
एक भरला दहा मीटर आठ सेंटिमीटर.
दुसरा नऊ ब्याण्णव.
"दोन्ही दहा पाहिजेत," ती म्हणाली,
कोणी विचारलं नव्हतं तरी.

लांब कर्णाला दोर बांधला.
पोराला कान धरून सरळ उभं करावं
तसं ते घर ओढलं, कुरकुरलं,
दहावर आलं.
दार लागलं. पुन्हा उघडून पुन्हा लावून पाहिलं,
चार-पाच जणांनी, उगीचच.

जेवताना मी वही काढली, बापाला दाखवली.
शिंपल्यांचा रस बोटांना लागलेला, त्यानं ती पुसली,
आकृतीकडे पाहिलं, बराच वेळ.
"सहा मीटर?
इतक्या लांब पाया ठेवून कोणी चढतं का?
ही शिडी सटकणारच, बाई.
दहाची शिडी, तर अडीचवर ठेवायची.
चौथा हिस्सा. पोरालाही कळतं."
आणि मग, हळू आवाजात,
"मीही त्या दिवशी लांबच ठेवली होती.
खाली फुलझाडं होती पाद्रीबाबांची."

घरी येताना चालता चालता हिशेब केला.
अडीचचा वर्ग सव्वासहा.
शंभरातून गेले, पावणेचौऱ्याण्णव.
वर्गमूळ काही केल्या पुरं येईना.
म्हणजे उत्तर नीटनेटकं यावं म्हणून
एकोणीस वर्षं मी
कुणाला तरी घसरत्या शिडीवर चढवत होते.

सोमवारी फळ्यावर अडीच लिहिलं.
पोरं वैतागली: बाई, हे सुटत नाही!
सुटतं, म्हटलं. नऊ अडुसष्ट. सुमारे.
सुमारे असंच लिहा, खोडू नका.

नायादेतनं वही परत घेतली,
गुण न बघताच मिटली.
मागच्या बाकावरून इलारियो:
"बाई, जमीन ओली आहे का?"

मी आकृतीकडे वळून पाहिलं.
जमीन म्हणजे एक सरळ रेघ होती.
तिच्यावर, शिडीच्या पायापाशी,
मी खडूनं थोडं शेवाळ काढलं.